आमच्या परसांतील अंजिरें

घरापुढें अंगण व घरामागें परस, ही आपल्या घरांची जुनी ठेवण. अंगण पाहुण्यांचें, परस घरच्या माणसांचें. अंगणांत तुळशीवृंदावन आणि पारिजातक असावयाचा. परसांत आड, धुण्याचा दगड, अळूचे वाफे, शेवगा आणि कढीलिंब. हल्लीं मोठ्या शहरांतून अंगणेंहि गेलीं आणि परसेंहि गेलीं. परंतु लहान जिल्ह्याच्या गांवीं अजून घरामागें थोडीबहुत जागा उरलेली असते, आणि तिचें काय करावें हा प्रश्न निवृत्त झालेल्या माणसापुढें पहिल्या महिन्यांतच उभा राहतो. मीं त्या जागेंत अंजिरें लाविलीं. एक नव्हे, दोन नव्हे, सात जातींचीं बारा झाडें. त्यांत काय चुकलें, काय साधलें, आणि अंजिरासारख्या साध्या झाडापासून उतारवयांत काय शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवावें एवढाच या लेखाचा हेतु.

आमचें गांव नंदुरबार. पूर्वीं हा मुलूख पश्चिम खानदेशांत मोडत असे, पुढें धुळें जिल्ह्यांत. १ जुलै १९९८ पासून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. उत्तरेस सातपुडा व त्याच्या पायथ्याशीं नर्मदा, मधून तापी, आणि पश्चिमेस लागूनच गुजरात. गांवाची ख्याति मिरचीची. हंगामांत गांवाबाहेरच्या पटांगणांवर लाल मिरचीचे गालिचे वाळत पडलेले असतात, आणि नवा पाहुणा गाडींतून उतरण्याआधींच शिंकूं लागतो. शहाद्याकडे केळी व पपई, धडगांव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत आमचूर व सीताफळें. या यादींत अंजिराचें नांव कोणी घेत नाहीं. महाराष्ट्रांत अंजीर म्हटलें कीं तें पुरंदर तालुक्याचें. सासवड, दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, राजेवाडी या बाजूचीं अंजिरें पुण्यामुंबईस जातात, आणि २०१६ सालीं पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनहि मिळालें. मग तें फळ आमच्या घरीं आलें कसें?

आजोबांची काठी

माझे आजोबा नंदुरबारास वकिली करीत. १९५१ सालीं एका लग्नाकरितां ते सासवडास गेले होते. परततांना त्यांनीं ओल्या गोणपाटांत गुंडाळलेली हातभर लांबीची एक फांदी आणिली, आणि मनमाड-धुळें असा लांबचा प्रवास करून घरीं येतांच ती न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर खोंचून दिली. आजी म्हणाली, "लग्नाहून लोक लुगडीं आणतात, तुम्हीं काठी आणिलीत." त्या काठीला श्रावणांत पानें फुटलीं, आणि तिसऱ्या वर्षीं फळें धरलीं.

माझ्या लहानपणचा उन्हाळा म्हणजे तें झाड. अंजीर काढण्याचा अधिकार एकट्या आजीचा होता. फळाला रंग आला म्हणून तें पिकलें असें ती मानीत नसे. "त्यानें मान टाकली पाहिजे," असें ती म्हणे. देठाजवळ फळ लवलें, हाताला मऊ लागलें, कीं तें पिकलें. पुढें वाचनांत आलें कीं आजीचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. आंबा किंवा केळें अढींत घालून पिकवितां येतें. अंजीर झाडावरून अर्धें कच्चें उतरविलें तर तें मऊ पडेल, पण त्यांत गोडी भरत नाहीं. आणि पिकलेलें फळ दोन दिवसांपलीकडे टिकत नाहीं. म्हणून खरें अंजीर खावयाचें तर झाड घरापाशींच हवें. बाजाराचें अंजीर व परसांतील अंजीर यांत जो फरक लागतो, त्याचें कारण हेंच.

१९५८ सालीं धाकट्या आत्याचें लग्न झालें आणि तिला शहाद्यास दिली. पाठवणीच्या वेळीं आजीनें तिच्या सामानांत, भांड्याकुंड्यांच्या जोडीला, ओल्या फडक्यांत बांधलेली एक फांदी ठेविली. आम्हां मुलांना त्यावेळीं त्याचें कांहीं वाटलें नाहीं. मी तर तेव्हां दोन वर्षांचा होतों. ही हकीकत मागाहून ऐकलेली.

१९९३ सालीं वांटण्या झाल्या आणि तें जुनें घर विकावें लागलें. नव्या मालकांना तेथें इमारत उभारावयाची होती. झाड गेलें. त्यावेळीं एक फांदी काढून ठेवावी हें आमच्यापैकीं कोणालाहि सुचलें नाहीं. चार भावंडांनीं जिन्याचे शिसवी कठडे वांटून घेतले, देव वांटून घेतले, तांब्याचे हंडे वांटून घेतले. बेचाळीस वर्षांचें झाड मात्र कोणाच्याच वांट्यास आलें नाहीं.

नांवांचा मोह

२०१४ सालीं मी निवृत्त झालों आणि गांवाबाहेर लहानसें घर बांधून राहिलों. मागें चाळीस फूट रुंद व पन्नास फूट लांब अशी मोकळी जागा होती. २०१५ च्या पावसाळ्यांत बारा-बारा फुटांवर बारा खड्डे घेतले. आतां जाति कोणत्या लावाव्या? येथें माझ्यांतील कारकून जागा झाला. यादी करावी, नांवें जमवावीं, आणि ज्या नांवाला भारी किंमत तें झाड थोर समजावें, अशी माझी समजूत. दोन झाडें पुणेरी, दोन दिनकर, दोन डायना, आणि एकेक फुले राजेवाडी, कॉनाड्रिया व ब्राउन टर्की, अशीं नऊ झालीं. उरलेल्या तीन खड्ड्यांकरितां दूरच्या एका रोपविक्याकडून स्मर्ना जातीचीं तीन रोपें मागविलीं. जगांतील उत्तम सुकें अंजीर याच जातीचें, असें त्यानें सांगितलें होतें, आणि तें खोटें नव्हतें. पुणेरी रोपाच्या आठपट किंमत मीं आनंदानें दिली.

झाडें वाढलीं. स्मर्ना तर सर्वांत जोमदार. २०१७ सालीं तिन्हींवर फळें आलीं, सुपारीएवढीं झालीं, पिवळीं पडलीं आणि गळलीं. पाणी जास्त झालें असावें म्हणून पुढील वर्षीं पाणी तोडलें; तरी गळलीं. तिसऱ्या वर्षीं शेणखत, राख, निंबोळी पेंड, सर्व कांहीं दिलें, पुन्हां गळलीं. शेजारच्या काकूंनीं दृष्ट काढण्याची सूचना केली. सौभाग्यवती एवढेंच म्हणाल्या, "पेंड नऊ झाडांना घातली असती तर बरें झालें असतें."

उंबराचें फूल

शेवटीं पुस्तकें उघडलीं, आणि जें कळलें तें सर्वांनीं जाणून घेण्यासारखें आहे.

दुर्मिळ वस्तूला आपण 'उंबराचें फूल' म्हणतों. उंबराला फूल नसतें असें मात्र नाहीं. आपण ज्याला उंबराचें फळ म्हणतों ती वास्तविक एक मांसल पोकळ पिशवी असून शेंकडों बारीक फुलें तिच्या आंतल्या बाजूस असतात. पिशवीच्या टोंकाशीं एक बारीक भोंक असतें, त्याला डोळा म्हणतात. त्या भोंकांतून एक चिलटाएवढी गांधीलमाशी आंत शिरते, अंडीं घालते, आणि तें करतांना बाहेरून आणलेले पराग आंतील फुलांवर पाडते. उंबर फोडलें कीं आंत जीव वळवळतांना दिसतात, ते त्या माशीचे वंशज. वड, पिंपळ, पायर, उंबर आणि अंजीर हीं सर्व एकाच कुळांतील भावंडें. वनस्पतिशास्त्रांत त्या कुळाला फायकस असें नांव आहे. प्रत्येकाची माशी बहुधा निराळी. उंबराच्या माशीला अंजिराच्या घरीं काम नाहीं.

अंजिराची माशी पश्चिम आशियांत व भूमध्य समुद्राच्या कांठीं रानटी नर अंजिरांत राहते. आपल्या महाराष्ट्रांतील बागांतून ना तें नर झाड, ना ती माशी. तरी आपल्याकडे अंजिरें पिकतात, कारण आपल्या सर्व जाति परागांवांचून फळ धरणाऱ्या आहेत. स्मर्ना जातीचें तसें नाहीं. पराग मिळाले तर फळ राहील, न मिळाले तर सुपारीएवढें होऊन गळेल. माझ्या झाडांना रोग नव्हता, दृष्ट नव्हती, खताची वाण नव्हती. त्यांना जी वस्तु हवी होती, ती माझ्या बागेंत कधींच मिळण्यासारखी नव्हती.

या चुकींत मी एकटा नाहीं हें वाचून थोडें समाधान झालें. १८८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत मळेवाल्यांनीं तुर्कस्तानांतून स्मर्ना अंजिराच्या हजारों फांद्या नेल्या. झाडें फोफावलीं, फळें गळलीं. तुर्कांनीं मुद्दाम खोट्या फांद्या दिल्या, असा कित्येकांना संशय आला. माशीची गोष्ट कोणी काढली तर तिला खेडवळांची समजूत म्हणून हंसणारेहि होते. वास्तविक बागेंत रानटी अंजिरें टांगून ठेवण्याची रीत थिओफ्रास्टस नांवाच्या ग्रीक पंडितानें तेवीसशें वर्षांपूर्वींच नमूद करून ठेविली आहे. अखेर १८९९ सालीं सरकारी शेतकी खात्यांतील वॉल्टर स्विंगल यांच्या साह्यानें फ्रेस्नो येथील जॉर्ज रोडिंग यांच्या बागेंत ती माशी नांदूं लागली, आणि मग फळें टिकलीं.

येथेंच एका शंकेचें निरसन केलेलें बरें, कारण ती हल्लीं आपल्या घरांतून वारंवार ऐकूं येते: अंजिरांत किडा असतो, तर तें उपासाला चालावें कसें? आपलें पुणेरी अंजीर माशीवांचून धरतें, तेव्हां त्याबद्दल हा प्रश्नच उद्भवत नाहीं. तुर्कस्तानाकडून येणारीं सुकीं अंजिरें बहुतेक स्मर्ना कुळींतील. त्यांत फूल फळण्याच्या वेळीं माशी शिरलेली असते हें खरें, परंतु फळ पिकेपर्यंत तिचें शरीर फळाच्या रसांत बहुतांशीं जिरून जातें. दांतांखालीं जें कुरकुरतें तें बीं होय, किडा नव्हे. इतकें ठाऊक झाल्यावर ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें.

फांदीचा वंश

या शोधांत आणखी एक गोष्ट हातीं लागली, आणि ती मला स्मर्नापेक्षां मोलाची वाटते. परागांवांचून धरलेल्या फळांतील बीं पोकळ असतें. पुणेरी अंजिराचें बीं आपल्याकडे पेरून उगवत नाहीं. मग हें झाड इतकीं वर्षें टिकलें कसें? केवळ माणसाच्या हातानें. कोणी तरी फांदी तोडली, कोणी तरी ती मागून नेली, कोणी तरी ती लाविली. आंब्याची कोय उकिरड्यावर पडली तरी तिचें झाड होईल, पेरूचें बीं पांखरू टाकील. पुणेरी अंजीर माणसानें लाविलें नाहीं तर लागत नाहीं. आणि फांदीपासून झालेलें झाड हें पहिल्या झाडाचें मूल नव्हे, तें पहिलें झाडच असतें, केवळ जागा बदललेलें. सासवडचें झाड, आजोबांचें झाड आणि आत्याचें शहाद्याचें झाड, हीं तीन ठिकाणीं वाढलेलीं एकच झाड होतीं.

ही रीत किती जुनी असावी? जॉर्डन नदीच्या खोऱ्यांत, जेरिकोजवळ गिल्गाल येथें, उत्खननांत कोळसा झालेलीं अंजिरें सांपडलीं. तीं अकरा हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचीं असून परागांवांचून धरणाऱ्या जातीचीं आहेत, तेव्हां माणसानें तीं फांद्या लावून वाढविलीं असावीं, असें मत संशोधकांनीं २००६ सालीं मांडलें. त्यावर वाद आहेत. परंतु तें खरें असेल, तर गहूं व सातू पेरावयास शिकण्यापूर्वींच माणूस अंजिराची फांदी खोंचण्यास शिकला होता.

हें वाचलें त्या दिवशीं मला शहाद्याची आठवण झाली. २०१९ च्या दिवाळीनंतर मी तिकडे गेलों. प्रकाशें येथें तापी ओलांडली कीं शहादें कांहीं दूर नाहीं. तरी त्या परसांत मी पंचवीस वर्षांत पाऊल टाकलें नव्हतें. आत्या तेव्हां ऐंशी वर्षांची. झाड होतें. मूळचें खोड खोडकिड्यानें पोखरून गेलें होतें, पण तें पडण्यापूर्वीं तिनें एका फांदीला गुटी बांधून दुसरें उभें केलें होतें.

मीं विचारलें, "आत्या, दोनचार फांद्या नेऊं का?"

ती म्हणाली, "अरे, ने कीं. तुझ्या आजीनें मला बजावलें होतें, फळ मागणाऱ्याला एखादे वेळीं नाहीं म्हण, पण फांदी मागणाऱ्याला म्हणूं नकोस. गल्लींतल्या पांच घरीं दिली मीं." मग जरा थांबून म्हणाली, "तूंच तेवढा कधीं मागावयास आला नाहींस."

मी निरुत्तर झालों. पुढील जानेवारींत तिनें सहा काड्या पाठविल्या; त्यांतल्या चार जगल्या. २०२० च्या पावसाळ्यांत तिन्ही स्मर्ना काढून त्या जागीं तीन रोपें लाविलीं, व चौथें एका स्नेह्याला दिलें. आत्या २०२१ सालीं गेली. आमच्याकडचीं पहिलीं फळें २०२२ च्या चैत्रांत पिकलीं.

अनेक जाति कशासाठीं

आतां आमच्या परसांत सहा जाति आहेत, आणि एकाच आवडत्या जातीचीं बारा झाडें कां लाविलीं नाहींत असें लोक विचारतात. उत्तर वरील गोष्टींतच आहे. एका जातीचीं सर्व झाडें म्हणजे एकच झाड, तेव्हां त्यांचें दुखणेंहि एकच. तांबेरा पडला तर तो सर्वांवर सारखाच पडावयाचा. निरनिराळ्या जाति असल्या कीं एक आजारी पडली तरी दुसरी उभी राहते. शिवाय सगळ्या एकाच आठवड्यांत पिकत नाहींत, तेव्हां घरांत फळ दोनअडीच महिने येत राहतें.

पुणेरी अंजीर मध्यम आकाराचें, घंटेसारखें, पातळ सालीचें व जांभळट तपकिरी, गर गुलाबी. खाण्यास तेंच सर्वांत रुचकर, परंतु नाजूक. दिनकर ही दौलताबादकडील पुणेरी अंजिरांतूनच परभणीच्या कृषि विद्यापीठानें केलेली निवड. चव पुणेरीचीच, उत्पन्न कांहींसें सरस. फुले राजेवाडी ही राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची जात. पुरंदर तालुक्यांत जाधववाडी येथें त्या विद्यापीठाचें अंजीर व सीताफळ यांचें संशोधन केंद्र आहे. डायनाचें फळ मोठें, पिवळसर हिरवें, सुकविण्यास उत्तम. कॉनाड्रिया ही कॅलिफोर्नियांतील कॉन्डिट या संशोधकांची संकरित जात, फिकट हिरव्या सालीची. ब्राउन टर्की काटक, आणि नवख्या माणसाच्या चुका सहन करणारी. या सर्व माशीवांचून फळणाऱ्या आहेत. नवीन जात घेतांना वाचकांनीं रंग, वजन व किंमत मागाहून विचारावी. आधीं विचारावें तें हें, कीं परागांवांचून हिला फळ धरतें काय?

लागवड व निगा

फांद्या घ्याव्या त्या पक्क झालेल्या, सुमारें एक वर्षाच्या, शिसपेन्सिलीएवढ्या जाड व वीतभराहून थोड्या अधिक लांब, सहाआठ डोळ्यांच्या. खालचा काप डोळ्याच्या लगत घ्यावा. वाळू व मातीच्या मिश्रणांत दोनतृतीयांश भाग पुरून सांवलींत ठेवाव्या आणि माती नुसती ओलसर राहील इतपतच पाणी द्यावें. पानें फुटलीं म्हणून मुळें फुटलीं असें समजूं नये. पानें आधीं येतात, मुळांना दोनतीन महिने लागतात. घाईनें उपटून पाहणारा फांदी गमावतो.

आमच्याकडील तापीकांठची काळी माती कापसाला चांगली, अंजिराला नव्हे. तिच्यांत पावसाचें पाणी सांचतें आणि मुळें कुजतात. म्हणून दोन फूट लांबरुंद व तितकाच खोल खड्डा घेऊन तळाशीं मुरूम घालावा, वर माती, मुरूम व कुजलेलें शेणखत भरावें, आणि झाड जमिनीच्या वर वीतभर उंचवट्यावर लावावें. दिवसाचें सहासात तास ऊन मिळालें पाहिजे. घराचा पाया, हौद व मोरीची नळी यांपासून झाड दूर असावें. अंजिराचीं मुळें पाण्याचा माग काढीत जातात. आजोबांनीं न्हाणीच्या पाण्यावर झाड वाढविलें. आजच्या साबणाच्या पाण्यावर तो प्रयोग करूं नये.

अंजिराचे दोन बहार. जूनमध्यें छाटणी करून हिंवाळ्यांत येणारा तो खट्टा, आणि सप्टेंबर-आक्टोबरांत छाटून मार्चपासून मेपर्यंत पिकणारा तो मिठा. नांवांतच त्यांची चव आली. नंदुरबारसारख्या गांवीं परसांतील झाडांचा मिठा बहारच धरावा, कारण फळें पिकण्याच्या वेळीं हवा कोरडी असते. मात्र त्याच महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हां बुडाशीं पाचोळ्याचें जाड आच्छादन घालावें आणि पाणी थोडें पण नेमानें द्यावें. चार दिवस कोरडें ठेवून पांचव्या दिवशीं भरपूर पाणी दिलें कीं पिकत आलेलीं फळें तडकतात.

तांबेऱ्यावर उपाय एक टक्का बोर्डो मिश्रणाचा. पावसाळ्यापूर्वीं व पावसाच्या उघडिपींत फवारावें, आणि गळलेलीं रोगट पानें जाळून टाकावीं. खोडाशीं भुसा दिसला तर आंत खोडकिडा आहे असें समजून तारेनें तो काढावा. बुलबुल व वटवाघळें यांच्यासाठीं जुन्या मलमलीच्या पिशव्या फळांवर बांधाव्या. पण सर्वच फळांवर बांधूं नयेत, असा आमच्या घरचा नियम आहे.

चिकाची सूचना विशेषतः घरांतील मुलांसाठीं. पानें व कच्चीं फळें तोडतांना निघणारा पांढरा चीक अंगाला लागून त्यावर ऊन पडलें तर कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. छाटणी करतांना हातमोजे घालावे, आणि काम संपतांच हात धुवावे.

फळांचें काय करावें हें गृहिणींना सांगावयास नको. ताजें फळ जेवणानंतर खावें, किंवा कुसकरून गार दुधांत घालावें. उरलेल्यांचा मुरंबा करावा. डायना मात्र आम्ही सुकवितों. पिकून सुरकुतूं लागलेलीं फळें बांबूच्या सुपांत पसरून वर पातळ फडकें बांधावयाचें, दिवसा ऊन द्यावयाचें, रात्रीं आंत घ्यावयाचीं. जें ऊन आमच्या मिरचीला वाळवितें, तेंच आठदहा दिवसांत अंजिरेंहि सुकवितें. शंभर ग्रॅम सुक्या अंजिरांत सुमारें दहा ग्रॅम चोथा व दीडशें मिलिग्रॅमहून अधिक चुना असतो. म्हणून बद्धकोष्ठाची तक्रार असलेल्या म्हाताऱ्या माणसांना रात्रीं भिजविलेलीं दोन अंजिरें सकाळीं द्यावयाची जुनी रीत सयुक्तिक आहे. मधुमेहाच्या रोग्यांनीं मात्र त्यांतील साखर विसरूं नये.

शेवटीं एक गोष्ट सांगून हा लेख संपवितों. आत्याच्या पश्चात् शहाद्याचें घर नव्यानें बांधावयास काढलें आणि २०२३ सालीं तेथील झाडहि गेलें. मागील जानेवारींत तिचा नातू आमच्या घरीं आला. दोनतीन वाक्यें इकडचीं तिकडचीं झालीं, मग तो जरा संकोचानें म्हणाला, "मामाआजोबा, आजीच्या झाडाची एखादी फांदी तुमच्याकडे मिळेल का?" मीं त्याला परसांत नेलें. सौभाग्यवतींनीं ओलें गोणपाट आणून दिलें. सहा काड्या बांधून दिल्या, आणि कोणत्या टोंकानें पुरावयाच्या हें कळावें म्हणून खालच्या टोंकाला तिरपा काप घेतला. जातांना तो पैशांविषयीं बोलूं लागला, तेव्हां आजीचें बजावणें त्याला सांगितलें. वाचकांपैकीं कोणाच्या परसांत जुनें अंजीर उभें असेल, तर घर विकण्यापूर्वीं, बांधण्यापूर्वीं, निदान वांटण्या होण्यापूर्वीं त्याच्या चार फांद्या चार घरीं द्याव्या. कठडे आणि हंडे मागाहून विकत मिळतात.